फवारणी, यकृत आणि एक विकर : प्रस्तावना

सातपुड्याची डोंगररांग वऱ्हाडच्या सपाटीत उतरता उतरता जिथे थांबते, त्या सीमेवर, अंबाबरवा अभयारण्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. संत सोनाजी महाराजांच्या संस्थानामुळे आणि वान नदीकाठच्या वारी भैरवगडाच्या शेजारामुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेरही परिचित असले, तरी शरीरशास्त्राच्या ग्रंथात त्याला स्थान मिळावे असे काही तिथे घडले, असा दावा कोणी केलेला नाही, आणि आमचाही तो नाही. तथापि यकृतात निर्माण होणाऱ्या एका विकराची, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो त्याची, ओळख मराठी वाचकाला करून देण्याचे जेव्हा ठरले, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातून आत शिरण्यापेक्षा सोनाळ्यासारख्या गावच्या कपाशीच्या वावरातून आत शिरणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटले. कारण ज्या विषामुळे हे विकर शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले, त्याच कुळातली विषे भाद्रपद-आश्विनात या काळ्या जमिनीवर पाठीवरच्या पंपांतून उडत असतात, आणि त्या विषांचा निकाल शेवटी ज्या यकृतात लागतो, ते यकृत रोजंदारीने पंप उचलणाऱ्या मजुराचे असते. विकराचे नाव पॅराऑक्सोनेज. शास्त्रीय लेखनात त्याला संक्षेपाने पॉन-१ म्हणतात.

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास इथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, आणि त्या गिरण्यांची नजर या मुलखाकडे वळली; १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनासाठी येथवर आले, एवढे सांगितले तरी सरकारदरबारी या पिकाचे वजन काय होते हे कळून येईल. त्या काळच्या पऱ्हाटीवर सेंद्रिय फॉस्फरसाची विषे पडत नव्हती. ती रसायनशास्त्राने दिली, आणि तीही युद्धाच्या सावलीत दिली. जर्मन रसायनज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशके शोधीत असता १९३६ साली त्याच्या हाती ताबून नावाचे संयुग लागले, जे पुढे युद्धवायू म्हणून कुप्रसिद्ध झाले. आणि त्याच संशोधनाच्या ओघात चाळिशीच्या दशकात पॅराथिऑन निघाले, जे महायुद्ध संपल्यावर शेतीत शिरले. कीटक आणि मनुष्य यांच्या मज्जासंस्थेत जे साम्य आहे, त्यावरच ही दोन्ही संयुगे घाव घालतात.

हिंदुस्थानाला या विषाची पहिली मोठी ओळख शेतात झाली नाही, जेवणाच्या पानात झाली. १९५८ साली केरळात, जहाजातून गव्हाच्या पिठाबरोबर आलेले पॅराथिऑन पिठात सांडून, ते खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे आले होते, आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या मुळाशी या घटनेचा आघात होता. कायदा झाला, त्याखाली १९७१ ची नियमावली आली, डब्यावर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे त्रिकोण आले. त्या त्रिकोणांचा अर्थ सोनाळ्याच्या बाजारातला कृषी सेवा केंद्रवाला जाणतो. पण डबा फोडून बांधावरच्या ड्रममध्ये काठीने द्रावण ढवळणाऱ्याला तो अर्थ सांगण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कायद्यात लिहिलेले असले तरी वावरात ठरलेले नसते.

आता विषाच्या व्यवहाराकडे वळू. पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस या संयुगांच्या रेणूत फॉस्फरसाला गंधकाचा एक अणू दुहेरी बंधाने जोडलेला असतो, आणि त्या मूळ रूपात ती मज्जातंतूंना फारशी बाधत नाहीत. त्वचेतून, श्वासातून अथवा पोटातून ती रक्तात गेली, की यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या गटाची विकरे, जी एरवी औषधांचा आणि परकीय द्रव्यांचा निचरा करण्याच्या कामी नेमलेली असतात, तो गंधकाचा अणू काढून त्याच्या जागी ऑक्सिजनाचा बसवितात. पॅराथिऑनचे पॅराऑक्सॉन होते, क्लोरपायरिफॉसचे ऑक्सॉन होते, आणि हे ऑक्सॉन मूळ द्रव्याहून कित्येक पटींनी प्रखर असते. म्हणजे शेतातून आले ते अर्धे विष. त्याला पूर्ण करण्याचे काम यकृताने केले. मोनोक्रोटोफॉसच्या रेणूत मात्र ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, त्याला यकृताच्या साहाय्याची अपेक्षा नसते, आणि २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनात ते मिसळले गेल्यावर तेवीस बालके का वाचू शकली नाहीत, याच्या कारणांत या घडणीचाही भाग आहे.

ऑक्सॉन जाऊन बसते ते अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकरावर. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर निरोप पोहोचला की निरोपाचे द्रव्य, अॅसिटिलकोलिन, तत्क्षणी मोडून टाकण्याचे काम त्याचे. ते काम थांबले की निरोप थांबत नाही: बाहुली आक्रसून मोहरीएवढी होते, डोळ्यांतून, तोंडातून आणि श्वासनलिकेतून स्राव वाहू लागतात, घाम फुटतो, मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू त्वचेखाली फुरफुरू लागतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. ज्यांनी सप्टेंबरातल्या दुपारी फवारणीवरून आलेला रुग्ण पाहिला आहे, त्यांना हे चित्र पुस्तकात वाचावे लागत नाही.

याच विषाला मोडणारी विकरेही यकृतच घडविते, आणि आमच्या विषयाचा गाभा हाच आहे. १९४६ साली अब्राहम मझूर याने सशाच्या यकृतात सेंद्रिय फॉस्फरसाचे संयुग फोडणारे विकर असल्याचे दाखविले. १९५३ साली इंग्लंडमध्ये नॉर्मन ऑल्ड्रिज याने रक्तद्रवातील एस्टरेज विकरांचे दोन वर्ग पाडले: एक, जी पॅराऑक्सॉनला फोडतात, दुसरी, ज्यांना पॅराऑक्सॉन निकामी करते. पहिल्या वर्गातले प्रमुख ते पॅराऑक्सोनेज. दुसऱ्या वर्गात यकृतातूनच रक्तात येणारे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज आहे, ज्याची तपासणी रुग्णालयाच्या कागदावर ‘सिरम कोलिनेस्टरेज’ म्हणून लिहिली जाते. दोहोंच्या कामाच्या पद्धतीत मोठे अंतर आहे. ब्युटिरिलकोलिनेस्टरेजचा एकेक रेणू एकेका विषाच्या रेणूला, दरोडेखोराला मिठी मारून विहिरीत उडी घेणाऱ्या शिपायाप्रमाणे, घेऊन बुडतो. जितके रेणू, तितकेच विष अडते. पॅराऑक्सोनेज एका रेणूला फोडून दुसऱ्याकडे वळते, दुसऱ्याला फोडून तिसऱ्याकडे. ते रक्तात मोकळे फिरत नाही. उच्च घनतेच्या मेदप्रथिनाला, म्हणजे रक्ताच्या अहवालात एच.डी.एल. म्हणून जे येते त्याला, ते चिकटून असते, आणि कॅल्शियमवाचून त्याचे काम चालत नाही.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की ज्याच्या रक्तात पॅराऑक्सोनेज भरपूर, त्याला फवारणीचे भय नाही. संशोधनाचा इतिहास या भाबड्या निष्कर्षाला वेळोवेळी अडवीत आला आहे, आणि म्हणूनच तो सांगण्याजोगा आहे. या विकराच्या प्रथिनसाखळीत १९२ व्या स्थानी कोणाच्या ठायी ग्लुटामिन असते, कोणाच्या ठायी आर्जिनिन. आर्जिनिन असलेले रूप परीक्षानळीत पॅराऑक्सॉनला झपाट्याने फोडते. १९९८ साली कॅलिफोर्नियात हे विकरच नसलेले उंदीर तयार करण्यात आले, ते क्लोरपायरिफॉसच्या ऑक्सॉनला सहज बळी पडले, आणि त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थरही अधिक साचले. मग २००० साली सिएटलच्या संशोधकांनी विकराची दोन्ही रूपे जिवंत उंदरांत घालून पाहिली, तेव्हा असे आढळले की क्लोरपायरिफॉस आणि डायझिनॉन यांच्या ऑक्सॉनांपासून ते खरोखर रक्षण करते. पण ज्या पॅराऑक्सॉनवरून त्याचे नामकरण झाले, त्याच्याविरुद्ध जिवंत देहात त्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण त्या संयुगाला फोडण्याचा त्याचा वेग देहात लागणाऱ्या वेगाच्या मानाने फारच अपुरा पडतो. परीक्षानळीतील शौर्य रक्तात टिकत नाही. हे विकर निसर्गाने कीटकनाशकांसाठी घडविलेलेही नाही. त्याचे मूळ काम लॅक्टोन जातीची संयुगे फोडण्याचे असावे, असे आज बहुतेक अभ्यासकांचे मत आहे, आणि विषे फोडणे हा त्याचा आनुषंगिक गुण.

रोगसंशोधनात पॅराऑक्सोनेजला जे महत्त्व आले, ते मात्र शेतीमुळे आले नाही, हृदयामुळे आले. १९९१ साली मँचेस्टरच्या मॅकनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की हे विकर निम्न घनतेच्या मेदप्रथिनाचे ऑक्सिडीकरण रोखते, आणि रोहिणीच्या भित्तीत मेद साचण्याच्या प्रक्रियेचा आरंभच त्या ऑक्सिडीकरणात असल्याने, हृदयविकाराच्या अभ्यासकांची दृष्टी त्याच्याकडे वळली. मधुमेहात त्याची क्रिया घटलेली आढळते; यकृताच्या जुनाट विकारांतही घटते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण कारखानाच आजारी. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात गाठतो, हे लक्षात घेतले तर या विकराचा अभ्यास आपल्याकडे दुहेरी कारणाने व्हावयास हवा. पण दहा प्रबंधांपैकी नऊ हृदयाचे आणि एखादाच शेताचा, असे या साहित्याचे आजचे प्रमाण वाचणाऱ्याच्या मनावर ठसते. ज्याच्या यकृताला हे काम रोज करावे लागते, त्याच्याकडे शास्त्राने फुरसतीनेच पाहिले आहे.

जे थोडे झाले आहे, त्यातले दोन अभ्यास उल्लेखनीय. इंग्लंडातील मेंढपाळ मेंढ्यांना गोचिड होऊ नये म्हणून डायझिनॉनच्या द्रावणात बुचकळतात. त्यांच्यापैकी ज्यांना दीर्घकाळ प्रकृतीच्या तक्रारी जडल्या, त्यांच्या विकराची घडण निरोगी मेंढपाळांहून वेगळी असल्याचे २००२ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. दुसरा कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्याचा, जिथे बहुतांश मेक्सिकोतून आलेली कुटुंबे शेतमजुरी करतात. तिथल्या मातांच्या रक्तात पॅराऑक्सोनेजचे प्रमाण एकीत आणि दुसरीत चौदा पटींपर्यंत भिन्न होते, आणि नवजात अर्भकांत ते सरासरीने मातेच्या चतुर्थांशच होते. अर्भकाचे यकृत हे विकर घडवायला शिकते ते जन्मानंतरच्या महिन्यांत, हळूहळू. कपाशीच्या धुऱ्यावर झोळी बांधून कामाला लागणाऱ्या बाईला, आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजविणाऱ्या घराला, या आकड्याचा अर्थ स्वतंत्रपणे समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि आम्हांस या पुस्तकात ज्या गोष्टीवर सर्वाधिक भर द्यावासा वाटला, ती विकराच्या जन्मजात घडणीची नाही; ती त्याच्यावर बाहेरून पडणाऱ्या बंधनाची आहे. यकृतात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचे आणखी एक विकर आहे. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक माणसाला तुलनेने सौम्य समजले जाते, ते केवळ या विकराच्या भरवशावर. ते मॅलॅथिऑनला निरुपद्रवी करून टाकते. १९७६ साली पाकिस्तानात मलेरियाच्या मोहिमेवर मॅलॅथिऑन फवारणारे सुमारे साडेसात हजार कामगार होते. त्यांपैकी अंदाजे अठ्ठावीसशे जणांना विषबाधा झाली आणि पाच जण मृत्यू पावले. विष तेच, मात्रा ठरलेली, मग हे का घडले? मालात साठवणुकीत निर्माण झालेली आयसोमॅलॅथिऑनसारखी अशुद्ध द्रव्ये होती, आणि ती द्रव्ये त्या विकराचेच हात बांधीत होती. विष वाढले नव्हते, विष मोडणारा निकामी झाला होता.

आता वऱ्हाडातील फवारणीकडे या दृष्टीने पाहावे. बाजारात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रण मिळते. सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड वर्गातले, आणि त्याला देहात मोडण्याच्या कामी कार्बॉक्सिलएस्टरेज पुढे असते, तर प्रोफेनोफॉस नेमके त्याच विकराला अडविते. किड्याच्या देहात हा डाव मुद्दाम खेळलेला असतो, म्हणूनच मिश्रणाचा ‘रिझल्ट’ चांगला येतो असे शेतकरी सांगतो, आणि ते खोटे नाही. पण फवारणाऱ्याच्या यकृताला तो डाव लागू पडत नाही, असे समजण्यास आधार कोणता? त्या तयार मिश्रणात मग वावरातच आणखी एक-दोन डब्यांची भर पडते, कारण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि बोंडअळी यांच्यासाठी निरनिराळी औषधे एकाच फेऱ्यात मारली तर मजुरी वाचते. ड्रममध्ये जे तयार होते, त्याची विषमात्रा कोणत्याही डब्यावरच्या त्रिकोणात सांगितलेली नसते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात हेच मोठ्या प्रमाणावर दिसून आले. बीटी कपाशीला २००२ साली मान्यता मिळाल्यापासून ज्या बोंडअळीची धास्ती कमी झाली होती, ती गुलाबी बोंडअळी प्रतिकारशक्ती घेऊन परतली होती. पीक पुरुषभर उंच वाढले होते, त्यामुळे पंपाची दांडी डोक्यावर धरावी लागे आणि तुषार तोंडावर येत. हवा दमट, उष्ण. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपांचा तुषार बारीक. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मृत्यू पावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्यानंतरच्या चर्चेत मास्क, हातमोजे, चष्मा यांचा उल्लेख इतक्या वेळा झाला की, जणू फवारणाऱ्याने ते वापरले नाहीत हाच मुख्य कसूर. भर ऑक्टोबरच्या उन्हात, रबरी मोजे आणि जाड अंगरखा घालून, पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन ज्याने चार एकर चालून पाहिले असेल, त्याने या विषयावर अवश्य बोलावे. आमची भीती निराळी आहे: उद्या पॅराऑक्सोनेजची जनुकीय तपासणी स्वस्त झाली, की मास्कच्या जागी जनुकाचे नाव येईल, आणि पंचनाम्यात ‘मयताची प्रकृतीच मुळात दुर्बल’ असा मजकूर शास्त्राच्या आधाराने लिहिता येईल. जे संशोधन मजुराच्या रक्षणासाठी व्हावे, ते त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाऊ नये, यासाठी मिश्रणाचे प्रकरण आम्ही जनुकाच्या प्रकरणाआधी घातले आहे.

उपचाराच्या बाबतीत महाराष्ट्राने या शास्त्राला जे दिले, ते अभिमानाने नोंदवावेसे वाटते. अॅट्रोपिन हे जुने औषध सर्वत्र दिले जाते, परंतु बद्ध झालेले कोलिनेस्टरेज सोडविणारे प्रॅलिडॉक्सिम, ज्याला डॉक्टर ‘पॅम’ म्हणतात, ते किती आणि कसे द्यावे याविषयी जगभर मतभेद होते. बारामतीच्या गिरिराज रुग्णालयात डॉ. कीर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे रुग्णांवर पद्धतशीर चाचणी केली, आणि प्रॅलिडॉक्सिम अखंड शिरेतून दिल्यास ठराविक अंतराने दिलेल्या मात्रेपेक्षा अधिक रुग्ण वाचतात, असा निष्कर्ष २००६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केला. त्यावर पुढे अन्यत्र उलट निष्कर्षही आले, तो वाद मिटलेला नाही. पण तालुक्याच्या गावी, अतिदक्षता विभागाच्या धबडग्यात, एवढ्या शिस्तीने चाचणी चालविणे ही साधी गोष्ट नव्हे.

या औषधाला वेळेची एक कठोर मर्यादा आहे, आणि ती सोनाळ्याच्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. विषाने पकडलेले कोलिनेस्टरेज काही काळाने अशा अवस्थेला जाते, की मग प्रॅलिडॉक्सिम कितीही दिले तरी ते सुटत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांसारख्या डायमिथिल जातीच्या विषांत निम्मे विकर साधारण पावणेचार तासांत या अवस्थेला पोहोचते. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस यांसारख्या डायइथिल जातीत त्याला सुमारे तेहेतीस तास लागतात. म्हणून डबा कोणता होता हे ज्याला ठाऊक, त्याने तो डबाच, झाकण लावून, पिशवीत घालून रुग्णाबरोबर न्यावा. दुपारी मळमळ, संध्याकाळी घाम, ‘ऊन लागलं असेल’ म्हणून कांद्याचा रस, रात्री गाडीची तजवीज आणि मग वरवट बकालहून अकोल्यापर्यंतचा प्रवास, या क्रमात पावणेचार तास केव्हा संपतात ते कळतही नाही.

राहता राहिला प्रश्न मोजमापाचा. रुग्णालयात ब्युटिरिलकोलिनेस्टरेजचा जो आकडा येतो, तो निरोगी माणसांतही इतका भिन्न असतो, आणि यकृताच्या जुन्या दुखण्याने, कुपोषणाने तो असा उतरतो, की एकट्या आकड्यावरून विषबाधेचा निर्णय करणे धोक्याचे. त्याच माणसाचा फवारणीपूर्वीचा आकडा हाती असेल तर मात्र पाचवा हिस्सा जरी घट झाली, तरी तो इशारा ठरतो. कॅलिफोर्नियाने १९७४ सालापासून अशी पूर्वनोंद फवारणी कामगारांसाठी सक्तीची केली. आपल्या १९७१ च्या नियमावलीतही सेंद्रिय फॉस्फरसाच्या कारखान्यातील कामगाराचे रक्त दर महिन्याला तपासावे, असे स्पष्ट लिहिले आहे. पण आज याच्या, उद्या त्याच्या वावरात रोजंदारीवर फवारणाऱ्या माणसाचा मालक कोण आणि त्याची नोंदवही कोणी ठेवायची, हे ठरविण्याच्या भानगडीत कोणतेच दप्तर पडत नाही.

पुढील प्रकरणांत अशी पूर्वनोंद एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, मृगाच्या पेरणीपूर्वी, कशी घेता येईल याचा तपशील दिला आहे. त्यातल्या दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण हे काम हौसेने अंगावर घेणाऱ्यांचा सारा खटाटोप त्यांच्यामुळे वाया जाऊ शकतो. फवारणीनंतर काढलेल्या रक्तात उरलेले विष नळीतही आपले काम चालू ठेवते, म्हणून नमुना तत्काळ बर्फात गेला पाहिजे, नाहीतर अकोल्याला पोहोचेपर्यंत आकडा आणखी खाली जातो. आणि पॅराऑक्सोनेज मोजावयाचे असेल तर रक्तगणनेसाठी वापरतात ती जांभळ्या झाकणाची नळी कदापि घेऊ नये; तिच्यातले ई.डी.टी.ए. रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते, आणि कॅल्शियम गेले की हे विकर कायमचे मरते. त्यासाठी साधी, लाल झाकणाची नळी घ्यावी, रक्त गोठू द्यावे, आणि वरचा द्रव वेगळा काढून ठेवावा.